एनएफएलच्या हेड कोचची नोकरी: पैसा पक्का, खुर्ची कच्ची

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, हेड कोचला चार-पाच वर्षांचा आणि कोट्यवधी डॉलरचा करार मिळतो. तरी दर जानेवारीत काही जणांना नारळ मिळतो, कुणाला तर पहिल्याच वर्षी. मग त्या कराराला अर्थ काय? विचारणाऱ्या ताईंचा मुलगा टेक्सासमधल्या एका विद्यापीठाच्या संघात विद्यार्थी-मदतनीस आहे. त्याला पुढे कोचिंगच करायचं आहे, आणि घरात त्यावरून वाद चालू आहेत.

मी अमेरिकेत करारांचं वकिली काम करतो. माझे बहुतेक अशील असिस्टंट कोच असतात. नोकरी मिळताना कराराची बोलणी आणि नोकरी गेल्यावरचा हिशेब, दोन्ही माझ्याकडे येतं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण ते कागदाच्या बाजूने असेल. टीव्हीवरची चर्चा 'जिंकला म्हणून राहिला, हरला म्हणून गेला' इथेच थांबते. आतून पाहिलं तर जय-पराजय हे काढण्याचं निमित्त असतं. काढणं सोपं का जातं आणि कुणाला मुदत मिळते, ह्याची कारणं वेगळी आहेत.

आधी करार. एनएफएलमध्ये खेळाडूच्या आणि कोचच्या करारात मोठा फरक आहे. खेळाडूच्या कराराचा जो आकडा वर्तमानपत्रात येतो त्यातला काही भागच हमीचा असतो. बाकीचे पैसे संघाने त्याला ठेवलं तरच मिळतात. हेड कोचचा करार साधारणपणे पूर्ण हमीचा असतो. पाच वर्षांचा करार असताना दुसऱ्या वर्षाअखेर काढलं, तर उरलेल्या तीन वर्षांचा पगार ठरल्याप्रमाणे येत राहतो. अपवाद गैरवर्तनाचा. संघ 'ठोस कारणासाठी' काढत असेल तर पुढचे पैसे थांबवू शकतो, आणि ते ठोस कारण म्हणजे काय हे कलम आम्ही वकील सगळ्यात जास्त वेळ घासतो. सामने हरणं हे ठोस कारण धरलं जात नाही.

म्हणूनच हरणारा हेड कोच सहसा राजीनामा देत नाही. राजीनामा दिला की उरलेल्या पैशावर पाणी सोडावं लागतं. 'दोघांनी मिळून वेगळं व्हायचं ठरवलं' अशी बातमी येते तेव्हा मागे बहुधा हिशेबाची तडजोड झालेली असते. जॉन ग्रुडन ह्या हेड कोचला रेडर्स संघाने 2018 मध्ये दहा वर्षांचा करार दिला, तेव्हा आकडा 10 कोटी डॉलर सांगितला गेला होता. ऑक्टोबर 2021 मध्ये त्याचे जुने आक्षेपार्ह ईमेल बाहेर आले आणि चौथ्याच मोसमात त्याला पद सोडावं लागलं. दहा वर्षांचा कागदही त्याला चार वर्षं पुरला नाही.

आणखी एक कलम महत्त्वाचं, वजावटीचं. समजा काढलेल्या कोचला जुन्या संघाकडून वर्षाला 60 लाख डॉलर यायचे आहेत आणि त्याने दुसरीकडे 20 लाखांची नोकरी धरली. मग जुना संघ वरचे 40 लाखच देतो. कोचच्या खिशात एकूण रक्कम तेवढीच पडते. त्यामुळे काढलेला नामांकित हेड कोच एखाद्या संघात कमी पगारावर असिस्टंट म्हणून रुजू झालेला दिसला, तर त्याची पत घसरली असं लगेच समजू नये. त्याचा पगार अजून जुना मालक भरत असतो.

आता मुख्य मुद्दा. इतका पैसा वाया जाणार हे माहीत असूनही मालक काढतात कसे? कारण तो पैसा सॅलरी कॅपमध्ये धरला जात नाही. खेळाडूंच्या पगारावर लीगची वरची मर्यादा आहे. 2024 च्या मोसमात ती प्रत्येक संघाला 25.54 कोटी डॉलर होती. कोचच्या पगाराला अशी मर्यादाच नाही. खेळाडूला काढलं तर हमीच्या रकमेचं ओझं त्या मर्यादेत मोजलं जातं आणि पुढची एक-दोन वर्षं संघ अडकतो. कोचला काढलं तर मालकाच्या तिजोरीतून पैसे जातात, संघबांधणीवर ओरखडाही उमटत नाही. आणि तिजोरी भरलेली असते. ग्रीन बे पॅकर्स हा संघ हजारो भागधारकांच्या मालकीचा असल्यामुळे त्याचे हिशेब जाहीर होतात. त्यावरून कळतं की लीगच्या सामाईक उत्पन्नातून, म्हणजे मुख्यतः टीव्हीच्या पैशातून, अलीकडे एका संघाला वर्षाला 40 कोटी डॉलरपेक्षा जास्त मिळतात. हा वाटा जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला सारखाच असतो.

ह्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे डेन्व्हर ब्रॉन्कोसचं 2022 साल. माझ्याकडे ह्या क्षेत्रात येऊ पाहणारा कुणी तरुण वकील आला की मी त्याला हेच प्रकरण आधी वाचायला लावतो.

जानेवारी 2022 मध्ये ब्रॉन्कोसने नॅथॅनियल हॅकेटला हेड कोच नेमलं. निवड जनरल मॅनेजर, म्हणजे संघबांधणी सांभाळणारा अधिकारी, जॉर्ज पेटनची होती. मार्चमध्ये सिॲटलहून रसेल विल्सन हा नावाजलेला क्वार्टरबॅक आणला. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चढाईत चेंडू ज्याच्या हातून पुढे जातो तो खेळाडू. संघाचं बरं-वाईट बहुतांशी त्याच्यावर ठरतं. ऑगस्टमध्ये संघाची मालकी बदलली. वॉल्टन-पेनर कुटुंबाने 465 कोटी डॉलरला संघ विकत घेतला. म्हणजे मोसम सुरू होण्याआधीच हॅकेट अशा मालकांच्या हाताखाली आला, ज्यांनी त्याला निवडलेलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये विल्सनला सुमारे 24.5 कोटी डॉलरची, पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली.

पहिलाच सामना सिॲटलमध्ये. शेवटच्या मिनिटात चढाई चालू ठेवायला पाच यार्ड हवे होते, हातात विल्सन होता, आणि हॅकेटने त्याला बाजूला ठेवून 64 यार्डांची किक मारायला लावली. ती चुकली. 17-16 असा पराभव. त्यानंतर घरच्या मैदानावर प्रेक्षक घड्याळाचे सेकंद मोठ्याने मोजू लागले, कारण संघाला वेळेत चाल सुरू करता येत नव्हती. नाताळच्या दिवशी रॅम्सकडून 51-14 अशी धूळधाण झाली आणि दुसऱ्या दिवशी हॅकेटला काढलं. पंधरा सामने, चार विजय. पहिला मोसमसुद्धा पुरा करू दिला नाही.

त्या वर्षी विल्सनही वाईटच खेळला होता. पण त्याला काढणं परवडणारं नव्हतं. पुढे मार्च 2024 मध्ये त्याला सोडलं तेव्हा संघाच्या सॅलरी कॅपवर दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलरचं ओझं पडलं. हॅकेटला सोडताना कॅपवर पडलेलं ओझं शून्य. एकाच मोसमात, एकाच मैदानावर दोघं अपयशी ठरले. कोच मोसम संपायच्या आत घरी गेला, खेळाडूला आणखी एक वर्ष मिळालं. हॅकेट चांगला हेड कोच होता असं माझं म्हणणं नाही. घड्याळ सांभाळणं त्याला जमत नव्हतं हे सगळ्यांनी पाहिलं. पण दोषी कितीही असले तरी शिक्षा स्वस्तात कुणाला देता येते हे ह्या प्रकरणात उघडं पडतं.

पुढचा भागही बघा. डेन्व्हरने मग शॉन पेटनला आणलं. तो न्यू ऑर्लिन्सचं पद सोडून घरी बसला होता, पण करार त्याच संघाशी शिल्लक होता. त्यामुळे डेन्व्हरने पहिल्या फेरीचा एक आणि दुसऱ्या फेरीचा एक असे ड्राफ्टचे, म्हणजे दरवर्षी विद्यापीठांतले नवे खेळाडू निवडण्याचे, दोन हक्क देऊन, बदल्यात तिसऱ्या फेरीचा एक हक्क घेऊन त्याला सोडवून घेतलं. करार संघाला बांधतो तसाच कोचलाही बांधतो, हे लोक विसरतात. यशस्वी कोचचा करार ही संघाची मालमत्ता असते. 2002 मध्ये ह्याच ग्रुडनसाठी टॅम्पा बेने पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन हक्क आणि 80 लाख डॉलर मोजले होते. त्याने पहिल्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला आणि जानेवारी 2009 मध्ये त्याच संघाने त्याला काढलं.

आता मुदतीबद्दल. 2022 च्या मोसमाआधी दहा संघांनी नवे हेड कोच नेमले. तीन मोसम संपेपर्यंत त्यातले सहा गेले होते: डेन्व्हरचा हॅकेट, ह्यूस्टनचा लव्ही स्मिथ, रेडर्सचा जॉश मॅकडॅनियल्स, न्यू ऑर्लिन्सचा डेनिस ॲलन, शिकागोचा मॅट एबरफ्लस आणि जॅक्सनव्हिलचा डग पीडरसन. पीडरसनने त्याआधी चारच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी 2018 मध्ये, फिलाडेल्फियाला पहिला सुपर बोल जिंकून दिला होता, आणि तिथूनही तीन मोसमांनंतर, जानेवारी 2021 मध्ये, त्याला निरोप मिळाला होता. सुपर बोल जिंकल्याने किती वर्षं सुरक्षित होता येतं, ह्याचं उत्तर त्याच्यापुरतं तीन.

पुरस्कारांचंही तेच. 2018 चा 'कोच ऑफ द इयर' मॅट नॅगी जानेवारी 2022 मध्ये गेला. 2021 चा माइक व्रेबल जानेवारी 2024 मध्ये. 2022 चा ब्रायन डेबोल नोव्हेंबर 2025 मध्ये, मोसमाच्या मध्यात.

ह्यामागे खेळाचं गणित आहे. मोसम फक्त 17 सामन्यांचा. त्यातले बरेच सामने शेवटच्या चालीपर्यंत अटीतटीचे जातात. 2022 मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने 13 सामने जिंकले, पण वर्षभराचा गुणफरक उणे तीन होता. जे अकरा सामने एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा कमी गुणांच्या, फरकाने सुटले ते सगळेच्या सगळे त्यांच्या बाजूने गेले. पुढच्या वर्षी असंच होईल ह्याची हमी कुठला कोच देणार? क्रिकेटमध्ये वर्षाला पन्नास-साठ आंतरराष्ट्रीय सामने बघायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना 17 ह्या आकड्याची निर्दयता चटकन जाणवत नाही. दोन किक खांबाला लागल्या आणि क्वार्टरबॅकचा स्नायू दुखावला की दहा विजयांचा मोसम सात विजयांचा होतो, आणि सात विजयांवर लोक डोकं मागतात.

डॅलसच्या माइक मॅकार्थीचं असंच झालं. 2021, 2022, 2023 अशी लागोपाठ तीन वर्षं 12 विजय. 2024 च्या मोसमात क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट जायबंदी झाला आणि विजय सातवर आले. ते त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष होतं. मालक जेरी जोन्सला काढायचीही गरज पडली नाही. जानेवारी 2025 मध्ये मुदत संपू दिली, बस. कोणत्याही कोचची खुर्ची हलतेय का हे पाहायचं असेल तर मी गुणतक्ता बघत नाही, कराराची किती वर्षं उरली ते बघतो. शेवटच्या वर्षात मुदतवाढीशिवाय उतरवलेला कोच म्हणजे मालकाने दार अर्धं उघडून ठेवलेलं असतं, आणि ते दार खेळाडूंनाही दिसतं, असिस्टंटनाही दिसतं.

मॅकार्थीच्या जागी ब्रायन शॉटनहायमर आला. त्याच्या वडिलांची गोष्ट ह्या विषयात सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मार्टी शॉटनहायमरच्या सॅन डिएगो चार्जर्सने 2006 मध्ये 14 सामने जिंकले, फक्त दोन हरले. लीगमधली ती सर्वोत्तम कामगिरी होती. प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर पॅट्रियट्सकडून 24-21 असा निसटता पराभव झाला. त्यानंतर त्याचे दोन्ही कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण आणि बचाव सांभाळणारे मुख्य असिस्टंट, दुसरीकडे हेड कोच म्हणून गेले. आणि 12 फेब्रुवारी 2007 ला मालक डीन स्पॅनोसने मार्टीला काढलं. जनरल मॅनेजर ए. जे. स्मिथ आणि मार्टी ह्यांचं आपसात जमत नव्हतं, हे उघड गुपित होतं. 14 विजय मिळवून माणूस बेरोजगार होतो, कारण शेजारच्या खोलीतल्या अधिकाऱ्याशी त्याचं पटत नाही.

माझ्या अनुभवात निर्णायक गोष्ट हीच. हेड कोचचं भवितव्य तिघांशी असलेल्या नात्यावर ठरतं: मालक, जनरल मॅनेजर आणि क्वार्टरबॅक. ह्यातला एक जरी बदलला तरी कोचचं घड्याळ सुरू होतं. नवा मालक आला की सगळ्यात धोका. 1989 च्या फेब्रुवारीत जेरी जोन्सने डॅलस काउबॉइज विकत घेतला आणि टॉम लँड्रीला काढलं. लँड्री 1960 पासून, म्हणजे संघ जन्मल्यापासून, 29 मोसम तिथे होता. लागोपाठ वीस वर्षं त्याने हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले होते. दोन सुपर बोल होते. टेक्सासमधल्या जुन्या लोकांना तो घाव अजून आठवतो.

नवा जनरल मॅनेजर आला तरी तेच. त्याला स्वतःचा माणूस हवा असतो, आणि त्यात मला गैर वाटत नाही. गैर वाटतं ते हे, की संघ कोच आणि मॅनेजर ह्यांच्या कराराची मुदत वेगवेगळी ठेवतात आणि मग दर दोन वर्षांनी त्यातला एक दुसऱ्याने निवडलेला निघतो.

जिथे हे जुळवलं तिथे काय झालं पाहा. 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने काइल शॅनहन आणि जनरल मॅनेजर जॉन लिंच ह्या दोघांना एकाच वेळी सहा-सहा वर्षांचे करार दिले. पहिल्या वर्षी 6 विजय, दुसऱ्या वर्षी 4. दुसऱ्या कुठल्या गावात हे दोघं गेले असते. तिसऱ्या वर्षी 13 विजय आणि सुपर बोलपर्यंत मजल. डेट्रॉइटमध्ये डॅन कॅम्पबेलला 2021 मध्ये सहा वर्षांचा करार मिळाला. पहिल्या मोसमात 3 विजय. दुसऱ्या मोसमाची सुरुवात एक विजय, पाच पराभव अशी. तेव्हा मालकीण शीला फोर्ड हॅम्प स्वतः पत्रकारांसमोर आल्या आणि आपला कोच आणि मॅनेजर ह्यांच्यावर विश्वास असल्याचं सांगितलं. मालकाचा असा जाहीर पाठिंबा ही बहुतेक वेळा निरोपाची तयारी असते. इथे तो खरा निघाला. तो मोसम 9 विजयांवर संपला, पुढचा 12 वर, त्यापुढचा 15 वर.

जुन्या काळातही हेच होतं. पिट्सबर्गच्या चक नोलचा पहिला मोसम, 1969: एक विजय, 13 पराभव. सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्शचा 1979 चा: दोन विजय, 14 पराभव. दोघांनाही मालकांनी धरून ठेवलं. नोलने चार सुपर बोल दिले, वॉल्शने तीन. पिट्सबर्गचं रूनी कुटुंब ह्याबाबतीत वेगळंच: 1969 ला नोल, 1992 ला बिल कावर, 2007 ला माइक टॉमलिन. अर्ध्या शतकात तीन माणसं. आजच्या मालकांनी नोलला दुसरं वर्ष दिलं असतं का? मला वाटत नाही.

2024 मध्ये न्यू इंग्लंडने काय केलं ते ताजं आहे. 24 मोसम आणि सहा सुपर बोलनंतर बिल बेलिचिक गेला. त्याच्या जागी जेरॉड मेयो आला, ज्याच्या करारात वारसदार म्हणून आधीच नाव लिहिलेलं होतं. मोसमात 4 विजय, 13 पराभव. शेवटचा सामना तो जिंकला, आणि त्या विजयामुळे संघाचा ड्राफ्टमधला पहिला क्रमांकही गेला. सामना संपून काही तास झाले नाहीत तोच मेयोला काढलं. मालक रॉबर्ट क्राफ्टने नंतर कबूल केलं की ह्या माणसाला न निभावता येणाऱ्या जागी आपणच बसवलं. कबुली प्रामाणिक होती. नोकरी मात्र मेयोचीच गेली.

मेयो कृष्णवर्णीय आहे, आणि हा मुद्दा टाळून ह्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही. एका वर्षात काढलेल्या हेड कोचांची अलीकडची यादी बघा: ॲरिझोनात स्टीव्ह विल्क्स, 2018. ह्यूस्टनमध्ये 2021 ला डेव्हिड कली, लगेच 2022 ला लव्ही स्मिथ. 2024 ला मेयो आणि रेडर्सचा अँटोनियो पियर्स. सगळे कृष्णवर्णीय. हॅकेट, चिप केली असे गोरे कोचही पहिल्या वर्षी गेले आहेत, हे खरं. पण कृष्णवर्णीय हेड कोच मुळात मूठभर असताना ह्या यादीत त्यांची गर्दी का, ह्याचं समाधानकारक उत्तर मला कुठल्या संघाकडून मिळालेलं नाही. टोनी डंगीला टॅम्पा बेने आणि डेनिस ग्रीनला मिनेसोटाने 2001 च्या मोसमाच्या शेवटी काढलं, त्यावरून उठलेल्या टीकेतून 2003 मध्ये रूनी नियम आला: हेड कोच नेमण्याआधी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. मुलाखत सक्तीची झाली, मुदत कुणी सक्तीची केली नाही.

ब्रायन फ्लोरेसने हा प्रश्न कोर्टात नेला. मायामीत लागोपाठ दोन वर्षं पराभवांपेक्षा विजय जास्त असताना त्याला जानेवारी 2022 मध्ये काढलं, आणि 1 फेब्रुवारीला त्याने लीगवर आणि संघांवर भेदभावाचा दावा ठोकला. वकील म्हणून मला त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग लवादाचा वाटतो. कोच आणि संघ ह्यांच्यातला वाद लीगच्या कमिशनरपुढे लवादात जावा अशी तरतूद असते. कमिशनरला नेमतात कोण, तर संघमालकच. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी दाव्याचा काही भाग खुल्या कोर्टात चालेल असं ठरवलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केलं. खेळाडूंच्या मागे त्यांची संघटना आणि सामूहिक करार उभा असतो. कोचांच्या बाजूने सौदा करणारी तशी युनियन नाही. प्रत्येक जण आपापल्या कागदावर एकटा असतो, म्हणून हा निकाल मी मोलाचा मानतो.

इथवर हेड कोचबद्दल झालं. त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण काळजी नाही. त्याच्या घरी पैसे येत राहतात. माझी काळजी त्याच्या मागच्या वीस-पंचवीस माणसांची आहे.

हेड कोच गेला की त्याचा सगळा कर्मचारीवर्ग अधांतरी लटकतो. त्यांचे करार छोटे असतात, बऱ्याचदा दोन वर्षांचे, आणि पगार हेड कोचच्या तुलनेत फारच कमी. सगळ्यात वाईट गोष्ट वेळेची. संघ नवा हेड कोच शोधत असतो तोवर जुन्या असिस्टंटना ना ठेवतो, ना मोकळं करतो. करार चालू असल्यामुळे समान दर्जाच्या नोकरीसाठी दुसरीकडे मुलाखतीला जायला संघाची परवानगी लागते. दोन-तीन आठवडे जातात, दरम्यान इतर संघांतल्या जागा भरतात. जानेवारीच्या अखेरीस अलाबामातल्या मोबील गावी सीनियर बोल असतो. तो विद्यापीठातल्या खेळाडूंची परीक्षा म्हणून ओळखला जातो. हॉटेलच्या लॉबीत मात्र नोकरी शोधणारे कोच हातात फोन धरून उभे असतात. मुलं शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात, आणि पुढचं गाव कुठलं हे नवऱ्याला ठाऊक नसतं, बायकोलाही नसतं.

निवृत्तिवेतनाचंही ऐका. 2009 मध्ये लीगने कोचांची पेन्शन योजना संघांसाठी ऐच्छिक केली. अनेक संघ बाहेर पडले. इंडियानापोलिसच्या हॉवर्ड मड आणि टॉम मूर ह्या दोन ज्येष्ठ असिस्टंटनी आपली जमा पेन्शन सुरक्षित राहावी म्हणून त्याच वर्षी निवृत्ती घेतली. इतक्या श्रीमंत लीगने म्हाताऱ्या कोचांच्या पेन्शनवर हात ठेवावा, ह्याचा राग मला आजही येतो.

आता ताई, तुमच्या मुलाबद्दल. त्याने ह्या वाटेला जाऊ नये असं मी म्हणणार नाही. बेन जॉन्सनचं उदाहरण त्याला सांगा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गणित आणि संगणकशास्त्र शिकलेला हा मुलगा 2012 मध्ये मायामीत साधा मदतनीस म्हणून लागला. 2015 मध्ये त्याचा हेड कोच गेला, 2018 अखेर त्याच्या जागी आलेलाही गेला. मग डेट्रॉइटला अगदी खालच्या पायरीवर, क्वालिटी कंट्रोलच्या जागेवर. 2020 मध्ये तिथलाही हेड कोच गेला. पण त्या जागी डॅन कॅम्पबेल आला, ज्याने मायामीत 2015 मध्ये हंगामी हेड कोच असताना ह्या मुलाचं काम जवळून पाहिलं होतं. त्याने जॉन्सनला ठेवून घेतलं, पुढे आक्रमणाची सूत्रं दिली. जानेवारी 2025 मध्ये जॉन्सन शिकागोचा हेड कोच झाला, एबरफ्लसला काढून रिकाम्या झालेल्या जागेवर. तीन गच्छंत्यांतून तो टिकला, कारण प्रत्येक वेळी आधीच्या कुणाला तरी त्याचं काम आठवत होतं.

पहिला करार हातात येईल तेव्हा मुलाला तीन गोष्टी मागायला सांगा. एक, कराराची मुदत जानेवारीत संपू नये. फेब्रुवारीअखेरपर्यंत पगार चालू असेल तर नोकऱ्या भरण्याचा काळ पगारावर निघतो. दोन, हेड कोच बदलला तर दहा दिवसांत 'ठेवतो' किंवा 'मोकळं करतो' असं लेखी सांगण्याचं बंधन संघावर हवं, आणि तोवर कुठेही मुलाखतीला जाण्याची परवानगी हवी. मोठ्या संघांशीही हे कलम मिळवता येतं, मी मिळवलेलं आहे. मागणारेच कमी असतात. तीन, काढल्यानंतर आरोग्यविमा कुठल्या महिन्यापर्यंत संघ भरेल ते तारखेसकट लिहून घ्यावं. कायद्याने तो विमा साधारण अठरा महिने पुढे चालू ठेवता येतो, पण हप्ता स्वतः भरावा लागतो आणि तो भारी असतो.

आणि पहिली पाच-सहा वर्षं त्याने घर विकत घेऊ नये. भाड्याने राहावं, भाडेकरारात नोकरीनिमित्त गाव सोडावं लागलं तर साठ दिवसांच्या नोटिशीवर बाहेर पडता येईल असं लिहून घ्यावं. तो कागद माझ्याकडे पाठवलात तर मी वाचून देईन, त्याचे पैसे नकोत.